दमदार नायिका आणि ३० सेकंदांची चढाई

वाचकांचे प्रश्न : चित्रपटनिर्मिती

प्रश्न : आम्ही गंगापूर रोडवरील एका महाविद्यालयातील पाच विद्यार्थी १२ मिनिटांचा ॲक्शनपट तयार करीत आहोत. आमच्याकडे दोन मोबाइल, एक उसना कॅमेरा आणि वर्गणीतून जमलेले १५ हजार रुपये आहेत. नायिकेची भूमिका करणारी आमची मैत्रीण महाविद्यालयाच्या संघातून कबड्डी खेळते. कथा थोडक्यात अशी : गुंड तिच्या भावाला ठार मारतात, ती सूड घेण्याची शपथ घेते आणि शेवटी एका गोदामात दहा जणांना लोळवते. आम्ही पटकथा वाचून दाखवली, तेव्हा वर्गातील मुलींनीच हे खोटे वाटते असे सांगितले. नायिका दमदार वाटावी यासाठी काय करावे? — पाच विद्यार्थी, नाशिक

उत्तर : वर्गातील मुलींचा अभिप्राय तुम्ही दडवून न ठेवता पत्रात लिहिलात, हे फार चांगले केलेत, कारण तुमच्या अडचणीचे मूळ त्यातच आहे. तुमच्या कथेत नायिकेला स्वतःचे असे काहीच हवे नाही. भाऊ मारला जातो म्हणून ती उठते आणि दहा जण अंगावर येतात म्हणून ती लढते. घटना घडवणारे सगळे दुसरेच आहेत. तिचे नाव काढून त्या जागी एखाद्या मुलाचे नाव घातले, तरी पटकथेतील एकही ओळ बदलावी लागणार नाही. दुसऱ्याच्या मापाने शिवलेला अंगरखा तिच्या अंगावर चढवल्यासारखे हे झाले आहे आणि तो तिला बसत नाही, हे मुलींना ऐकताक्षणी जाणवले.

उपाय मात्र तुमच्या पत्रातच आहे, तो म्हणजे कबड्डी. आपण ‘दमदार’ हा शब्द सहज वापरतो. त्यातला दम म्हणजे श्वास, आणि कबड्डीत त्या श्वासाचा जितका कस लागतो तितका क्वचितच दुसऱ्या खेळात लागत असेल. चढाई करणारी खेळाडू एका दमात ‘कबड्डी कबड्डी’ म्हणत समोरच्या अंगणात शिरते. तिच्याकडे ३० सेकंद असतात, समोर सात जणी असू शकतात, आणि त्या साती जणींना लोळवण्याची अपेक्षा तिच्याकडून कोणीही करीत नाही. तिला निदानरेषा, म्हणजे समोरच्या अंगणातील आडवी रेषा, ओलांडायची असते, जमल्यास कोणाला तरी टिपायचे असते आणि काहीही करून मध्यरेषा गाठायची असते. ती परत आली की चढाई निभावली. तुमच्या शेवटच्या मारामारीची रचना मी अशा एका चढाईसारखी करीन : नायिकेने आत शिरावे, एक निश्चित वस्तू हस्तगत करावी आणि बाहेर पडावे. किती जण आडवे झाले, याचा हिशेब प्रेक्षक ठेवणार नाहीत. ती दारापर्यंत पोहोचते की नाही, एवढ्याकडेच त्यांचे डोळे लागतील.

ती वस्तू कोणती, हे तुम्ही ठरवायचे आहे, परंतु ती आपल्या भागातील असेल तर सगळी कथा खरी वाटू लागते. एक उदाहरण देते. निफाड, दिंडोरीकडच्या द्राक्ष बागायतदारांना हा अनुभव नवा नाही, की बाहेरचा व्यापारी येतो, सुरुवातीला रोख पैसे देऊन विश्वास मिळवतो, मग उधारीवर गाड्या भरून नेतो आणि एके दिवशी शेडला कुलूप लावून निघून जातो. समजा, तुमच्या नायिकेच्या वडिलांचा माल असाच गेला आहे. ज्या वहीत गावातील सगळ्या शेतकऱ्यांच्या वजनाच्या नोंदी आणि व्यापाऱ्याच्या सह्या आहेत, ती वही आज रात्री शेडमध्ये आहे आणि उद्या सकाळी ती जाळली जाणार आहे. नायिकेला वही आणायची आहे. येथे कोणाला मारून तिच्यावर संकट आणावे लागत नाही. जाण्याचा निर्णय तिचा असतो, न जाण्याची मुभाही तिला असते, आणि वडील ‘जाऊ दे, पोरी’ म्हणत असताना ती निघते तेव्हा प्रेक्षकांना तिचे बळ पहिला फटका बसण्यापूर्वीच दिसलेले असते. मुलीवर अत्याचार झाल्याशिवाय ती लढायला उभी राहू शकत नाही, असे मानून लिहिलेल्या कथा विद्यार्थ्यांकडून माझ्याकडे फार येतात आणि त्या वाचताना मला दरवेळी वाईट वाटते. कृपया त्या वाटेला जाऊ नये.

आता त्या दहा जणांविषयी. दहाऐवजी तीन जण पुरेसे आहेत. दहा जण ठेवले की एक जण लढतो आणि उरलेले नऊ आपली पाळी येईपर्यंत हात चोळत उभे राहतात, आणि कितीही चांगले संकलन केले तरी हे उभे राहणे लपत नाही. तीन जणांना वेगळी शरीरे आणि वेगळे स्वभाव देता येतात : एक जाडजूड आणि संथ, एक चपळ पण भित्रा, आणि तिसरा असा की त्याला या मुलीला दुखापत करण्याची इच्छा नाही, परंतु व्यापाऱ्याकडे त्याची तीन महिन्यांची मजुरी अडकली आहे. या तिसऱ्या माणसामुळे मारामारीत एक प्रश्न उभा राहतो, आणि प्रश्न असलेली मारामारीच लक्षात राहते.

तुमच्या मैत्रिणीचे वजन ५०–५५ किलो असेल आणि समोरचा माणूस ८० किलोचा असेल, तर तिच्या एका ठोशाने तो उडून पडणे हे प्रेक्षकांचे डोळे मान्य करीत नाहीत. मात्र तिने खाली बसून त्याचा घोटा धरला आणि तो पुढे झेपावत असतानाच मागे ओढला, तर तो पडेल हे सर्वांना पटते, कारण पाय उचललेल्या माणसाचा तोल एकाच पायावर असतो आणि तेव्हा त्याचे वजन त्याच्याच विरुद्ध जाते. घोट्याची पकड, मांडीची पकड, हुलकावणी देऊन अंग वळवणे, जमिनीवर लोळून हात लांबवणे, हे सगळे तिच्या अंगवळणी पडलेले आहे; तिला कराटेचे चार हात शिकवण्याऐवजी तिचे शरीर जे जाणते त्यातूनच मारामारी रचावी. द्राक्षांच्या शेडमध्ये हाताशी येणाऱ्या वस्तूंचाही असाच उपयोग होतो. प्लॅस्टिकच्या रिकाम्या कॅरेटची थप्पी कोसळली तर आवाज आणि दृश्य दोन्ही मोठे होतात आणि कॅरेट हलकी असल्यामुळे धोका कमी राहतो. ताडपत्री अंगावर टाकली की माणूस काही क्षण आंधळा होतो. थप्प्यांमधील बोळ अरुंद ठेवला की एका वेळी एकच जण पुढे येऊ शकतो आणि बाकीचे मागे का थांबले, याचे उत्तर जागेनेच दिलेले असते. हंगाम संपल्यावर, एप्रिलच्या खरड छाटणीनंतर, अनेक शेड रिकाम्या पडलेल्या असतात, तेव्हा ओळखीच्या बागायतदाराला विचारून पाहावे. बागेच्या मांडवाखालून पाठलाग चित्रित करण्याचा मोह तुम्हाला होईल. मांडवाखाली वाकून धावावे लागते आणि ते पडद्यावर सुंदर दिसते, पण घड लगडलेले असताना बागेत शिरण्याचा विचारही करू नये. शेतकऱ्याचे वर्षभराचे उत्पन्न त्या तारांवर टांगलेले असते.

तिला लागले पाहिजे आणि लागलेले टिकले पाहिजे. कॅरेटच्या कडेने तळहात कापला असेल, तर त्यानंतरच्या प्रत्येक दृश्यात ती त्या हाताने वस्तू जपून उचलेल. बारा मारामाऱ्यांपेक्षा हा एक जपून धरलेला हात तिच्याविषयी अधिक सांगतो, आणि त्यासाठी एक पैसाही लागत नाही.

चित्रणाविषयी तुम्ही विचारलेले नाही, तरीही येथे लिहिते, कारण चांगली पटकथा कॅमेऱ्याच्या चुकीच्या जागेमुळे वाया गेलेली मी पाहिली आहे. कॅमेऱ्याने मारणारा आणि मार खाणारा यांना बाजूने पाहिले, तर मूठ आणि गाल यांच्यातील अंतर उघडे पडते. तोच कॅमेरा मारणाऱ्याच्या खांद्यामागे किंवा मार खाणाऱ्याच्या पाठीमागे नेला, की दोघे एका रेषेत येतात आणि मधले हातभर अंतर दिसेनासे होते. कॅमेरा दूर ठेवून लांब पल्ल्याच्या लेन्सने चित्रण केले, तर हे अंतर आणखी आटल्यासारखे वाटते. मार खाणाऱ्याची मान फटक्याच्या दिशेने आणि फटक्याच्याच क्षणी वळली पाहिजे. तालमीतील सर्वांत जास्त वेळ या एका गोष्टीला द्यावा, कारण फटक्याला खरेपणा येतो तो मार खाणाऱ्यामुळे. शेडच्या दारापासून मागच्या भिंतीपर्यंत मनात एक रेषा आखावी आणि संपूर्ण मारामारीत कॅमेरा त्या रेषेच्या एकाच बाजूला ठेवावा, म्हणजे दार सतत पडद्याच्या डाव्या अंगाला राहील. चढाईत मध्यरेषा कोणत्या दिशेला आहे हे जसे बघणाऱ्याला विचारावे लागत नाही, तसेच येथेही प्रेक्षकाला दार कोठे आहे हे प्रत्येक क्षणी ठाऊक असले पाहिजे.

मोबाइलवर चित्रण करताना आणखी एक बारीक पण महत्त्वाची गोष्ट आहे. आपल्याकडील वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे, सेकंदाला ३० फ्रेम आणि १/६० शटर (म्हणजे प्रत्येक फ्रेमला सेकंदाच्या साठाव्या हिश्शाइतका वेळ उजेड) ठेवून साध्या ट्यूबलाइटखाली चित्रण केले, तर चित्रात उजेड लुकलुकतो किंवा पट्टे फिरताना दिसतात. सेकंदाला २५ फ्रेम आणि १/५० शटर ठेवावे. हालचाल अधिक धारदार हवी असेल तर १/१०० ठेवावे. संकलनात फटक्याच्या जागी शॉट बदलताना दुसरा शॉट दोन-तीन फ्रेम मागून सुरू करावा. एका सेकंदाच्या दहाव्या हिश्शाइतकी ही पुनरावृत्ती डोळ्याला वेगळी दिसत नाही, पण फटका जड झाल्यासारखा वाटतो. मात्र जेथे तुमची मैत्रीण खरी पकड करणार आहे, तेथे असले काहीही करू नये. कॅमेरा मागे घ्यावा, तिचे शरीर डोक्यापासून पायापर्यंत दिसू द्यावे आणि शॉट न तोडता सहा-सात सेकंद चालू द्यावा. ज्यांना लढता येत नाही त्यांच्यासाठी तुकडे करावे लागतात. तुमच्याकडे खरी खेळाडू आहे, तिला तुकड्यांत कापणे हे तुमच्या हातातील सर्वांत मौल्यवान गोष्ट टाकून देण्यासारखे होईल. कॅमेरा तिच्या डोळ्यांच्या, हातांच्या आणि पायांच्या हालचालींवर असावा. ती जमिनीवर पडली असताना वरून तिच्या अंगावर रेंगाळणारा शॉट घेतला, तर तोपर्यंत मिळवलेले सगळे एका क्षणात गमावाल.

वेळेचा हिशेब आधीच करावा. मारामारी ९० सेकंदांची धरली आणि सरासरी शॉट तीन सेकंदांचा धरला, तर ३० शॉट होतात. एका शॉटची मांडणी, तालीम आणि दोन-तीन टेक यांना २० मिनिटे लागली तरी दहा तास होतात. हे काम दोन रात्रींत विभागावे. त्याआधी किमान तीन आठवडे रोज तासभर तालीम करावी, आणि संपूर्ण मारामारी महाविद्यालयाच्या मैदानावर चुन्याच्या रेषा आखून मोबाइलवर एकदा चित्रित करून संकलित करावी. महिलांच्या कबड्डीच्या मैदानाचा अर्धा भाग सहा मीटर बाय आठ मीटर असतो. शेडमधील तुमची जागा साधारण तेवढीच घेतली, तर नायिकेची पावले आपोआप बरोबर पडतील. १५ हजारांपैकी पहिला खर्च गुडघ्याच्या आणि कोपराच्या पॅड, प्रथमोपचाराची पेटी आणि सर्वांचे जेवण यांवर करावा. गाद्या जिमखान्यातून मागून घ्याव्यात.

प्रश्न : मी एका विद्यार्थी-चित्रपटात नायिकेची भूमिका करीत आहे. आठ फूट उंच भिंतीवरून मी स्वतः उडी मारावी, असा दिग्दर्शकाचा आग्रह आहे. दुसऱ्या कोणाकडून ती करून घेतली तर नायिका ‘खरी’ राहणार नाही, असे तो म्हणतो. आईने स्पष्ट नकार दिला आहे. तालमीत मुले पकड करतात तेव्हाही कधी कधी मला अवघडल्यासारखे होते, पण बोलले तर मी घाबरट ठरेन असे वाटते. — एक विद्यार्थिनी, नाशिक रोड

उत्तर : ताई, सर्वप्रथम आईंचे म्हणणे बरोबर आहे, हे निःसंकोचपणे मान्य करावे. दिग्दर्शक ज्या खरेपणाबद्दल बोलतो, त्याविषयी आपल्याच गावाचा इतिहास थोडा आठवू या. त्र्यंबकेश्वरला जन्मलेल्या दादासाहेब फाळक्यांना १९१३ च्या ‘राजा हरिश्चंद्र’मध्ये तारामतीच्या भूमिकेसाठी एकही स्त्री मिळाली नाही आणि ती भूमिका अण्णा साळुंके यांनी केली. त्यानंतर फाळक्यांनी आपले बिऱ्हाड नाशिकला आणले, आणि पुढच्या ‘मोहिनी भस्मासुर’मध्ये दुर्गाबाई कामत आणि त्यांची कन्या कमलाबाई या दोघी पडद्यावर आल्या. पडद्यामागे सरस्वतीबाई फाळके फिल्मच्या कडांना भोके पाडण्यापासून सगळ्या मंडळींच्या स्वयंपाकापर्यंतची कामे करीत होत्या. पुढे १९३५ च्या ‘हंटरवाली’त नादिया चाबूक घेऊन घोड्यावर बसली आणि तिने आपले साहसप्रसंग स्वतः केले, हे खरे आहे. परंतु ती सर्कशीत आणि रंगमंचावर काम करून आलेली होती आणि तिच्या पाठीशी अशा कामात मुरलेली मंडळी होती. तिचे धाडस सांगताना ही तयारी सांगायची राहून जाते, आणि मग विद्यार्थी एखाद्या मुलीला सरळ भिंतीवर चढवतात.

आठ फुटांची उडी पडद्यावर दाखवण्यासाठी आठ फुटांवरून कोणी उडी मारण्याची गरज नसते. पहिल्या शॉटमध्ये तुम्ही भिंतीच्या माथ्याशी, पलीकडे भक्कम मचाणावर पाय रोवून, खाली पाहत आहात. दुसऱ्यात कॅमेरा जमिनीलगत आकाशाकडे रोखलेला आहे आणि तुम्ही दोन फुटांच्या चौथऱ्यावरून जाड गादीवर उडी घेता; चौकटीत भिंत आणि जमीन दोन्ही नसल्यामुळे उंची कळत नाही. तिसऱ्यात फक्त पाय जमिनीवर टेकतात, गुडघे वाकतात, हात जमिनीला लागतो, आणि यासाठी एक स्टूल पुरते. चौथ्यात तुम्ही उठून धावता. हे चारही शॉट तुम्ही स्वतः करता, त्यामुळे दिग्दर्शकाचा आक्षेपही उरत नाही. उंचीवरून खरोखर पडण्याचे काम हे प्रशिक्षित साहसकलावंतांचे आहे. विद्यार्थ्यांच्या चित्रपटात ते कोणीही करू नये, मुलानेही नाही.

पडायचे कसे हे मात्र जरूर शिकावे. हनुवटी छातीशी घेणे, तळहातावर सगळा भार न टाकता खांद्यावरून तिरके लोळणे, हे ज्यूदोच्या किंवा कबड्डीच्या प्रशिक्षकांकडून काही आठवड्यांत शिकता येते. दोरीचा मल्लखांब करणाऱ्या मुली तुमच्या ओळखीत असतील, तर त्यांच्याबरोबर सरावाला जावे. शरीराचा भार कोठे आहे हे डोळे मिटूनही कळण्याची जी जाण त्यांच्याकडे असते, ती मारामारीच्या दृश्यांत फार उपयोगी पडते. मल्लखांबाचे पुनरुज्जीवन करणारे बाळंभटदादा देवधर यांना ही विद्या सप्तशृंगीच्या डोंगरात उमगली, अशी आख्यायिका आहे. आपल्या जिल्ह्यातील मुलींनी या विद्येकडे परकी म्हणून पाहण्याचे कारण नाही.

पकडींविषयी तुम्ही जे लिहिले आहे, ते उडीइतकेच गंभीर आहे. कोणता हात शरीरावर कोठे लागणार, किती वेळ लागणार आणि कोणत्या शब्दावर सुटणार, हे प्रत्येक तालमीपूर्वी बोलून ठरवले गेले पाहिजे, आणि त्या वेळी संघातील दुसरी एखादी मुलगी हजर असली पाहिजे. ठरलेल्यापेक्षा वेगळी पकड झाली तर तो अपघात मानून पुढे जाऊ नये. तालीम तेथेच थांबवावी. ‘थांबा’ हा शब्द कोणीही उच्चारला, अगदी दिवे धरणाऱ्या मुलाने उच्चारला, तरी सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचे आणि कारण नंतर विचारायचे, असा नियम पहिल्या दिवशी सर्वांसमोर ठरवून घ्यावा. अनेक वर्षांपूर्वी मी सहायक म्हणून ज्या चित्रणावर होते, तेथे असा नियम नव्हता. रात्रीचे दोन वाजले होते, सगळे थकले होते, ‘शेवटचा एकच’ असे म्हणत तिसऱ्यांदा टेक घेतला गेला आणि त्या मुलीचा घोटा मोडला. पाय दुखतो हे तिला अर्ध्या तासापूर्वीच सांगायचे होते, पण आपल्यामुळे काम अडेल या भीतीने ती गप्प राहिली, हे आम्हाला रुग्णालयात कळले. मीसुद्धा तेव्हा तिला विचारले नव्हते. तुमच्या पत्रातील ‘घाबरट’ हा शब्द वाचल्यापासून ती मुलगी मला पुन्हा पुन्हा आठवते आहे. हे उत्तर दिग्दर्शकाला दाखवावे आणि पुढच्या तालमीला आईंना सोबत घेऊन जावे.

प्रश्न : आमच्या चित्रपटातील पाठलाग रामकुंड, पांडवलेणी आणि गोदाकाठच्या घाटांवर चित्रित करायचा आहे. नायिकेच्या हातात तलवार आहे. ड्रोनही मिळणार आहे. परवानगी घ्यावी लागेल का? — एक वाचक, पंचवटी

उत्तर : होय, घ्यावी लागेल, आणि तिन्ही ठिकाणांचा फेरविचार करावा असे माझे मत आहे. पांडवलेणी हे भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण विभागाच्या संरक्षणाखालील स्मारक आहे. तेथे चित्रणासाठी त्या विभागाची पूर्वपरवानगी लागते, आणि प्राचीन शिल्पांजवळ धावपळीचे दृश्य घेणे तसेही योग्य नाही. रामकुंडावर लोक अस्थी विसर्जित करण्यासाठी येतात. ज्यांच्या घरात नुकतेच कोणी गेले आहे अशा माणसांच्या मधून तलवार घेऊन धावू नये. हे कोणत्याही नियमाच्या आधी आपल्या मनाने सांगायला हवे. पावसाळ्यात गंगापूर धरणातून विसर्ग सुरू झाला की काठाचे पाणी झपाट्याने चढते; रामकुंडाजवळ नदीपात्रात उभ्या असलेल्या दुतोंड्या मारुतीच्या पायांशी पाणी आल्याची बातमी असेल, त्या दिवशी घाटाकडे फिरकूही नये. २०२७ च्या सिंहस्थाच्या कामांमुळेही तेथील जागा आणि वर्दळ सतत बदलत राहील.

तलवार लाकडी असली तरी लांबून ती खरीच वाटते, म्हणून सार्वजनिक जागी काहीही करण्यापूर्वी स्थानिक पोलीस ठाण्यात तारीख, वेळ, जागा, सहभागींची नावे आणि महाविद्यालयाचे पत्र देऊन लेखी परवानगी मागावी आणि तिची प्रत चित्रणाच्या जागी जवळ ठेवावी. ड्रोनचा विचार सोडून द्यावा. देवळालीचे तोफखाना प्रशिक्षण केंद्र, ओझरचा विमानतळ आणि नाशिक रोडचे नोटांचे मुद्रणालय, अशी संवेदनशील ठिकाणे आपल्या शहराच्या भोवती आहेत, आणि परवानगीशिवाय उडवलेला ड्रोन तुम्हाला थेट पोलीस कोठडीच्या दारात नेऊ शकतो. उंचावरून दृश्य हवेच असेल, तर एखाद्या जुन्या वाड्याच्या मालकांना विनंती करून माडीच्या खिडकीतून खालचा बोळ चित्रित करावा. जुन्या नाशकातील बोळांतील चढउतार आणि वळणे अशी आहेत, की धावणारी मुलगी तीन सेकंद दिसते, दोन सेकंद नाहीशी होते आणि पुन्हा अनपेक्षित जागी उगवते. पाठलागाला याहून चांगली जागा मला माहीत नाही.

प्रश्न : आमच्या मारामारीचे चित्रण चांगले झाले आहे, पण पडद्यावर ती लुटुपुटूची वाटते. काय चुकले असेल? — एक विद्यार्थी, सिन्नर

उत्तर : बहुतेक वेळा आवाज चुकलेला असतो. चित्रणाच्या वेळी कोणाचा कोणाला फटका लागलेलाच नसतो, त्यामुळे त्या वेळी ध्वनिमुद्रित झालेल्या आवाजात फक्त चपलांची फरफट आणि दिग्दर्शकाचा आरडाओरडा असतो. फटक्यांचे आवाज नंतर वेगळे करून लावावे लागतात. पिळलेला ओला टॉवेल चटईवर आपटला की अंगावर बसलेल्या फटक्यासारखा भरीव आवाज येतो. कोबीच्या गड्ड्यावर मूठ मारली तर आणखी जड. काकडी किंवा गाजर मोडल्याचा आवाज हाडाच्या जागी चालतो, परंतु तो संपूर्ण चित्रपटात एकदाच वापरावा. सर्व फटक्यांना एकच तयार आवाज लावणे ही विद्यार्थ्यांची नेहमीची चूक आहे. पत्र्याच्या शेडमध्ये घुमणारा आवाज आणि मोकळ्या शेतातील आवाज वेगळे असतात, म्हणून जेथे चित्रण झाले तेथेच जाऊन हे आवाज मुद्रित करता आले तर उत्तम.

त्याहूनही महत्त्वाचा आवाज म्हणजे नायिकेचा श्वास. तो बहुतेक विद्यार्थी विसरतात आणि त्याच्या जागी पार्श्वसंगीत भरतात. तिला मैदानाच्या तीन फेऱ्या धावायला लावाव्यात आणि लगेच एका लहान खोलीत, भिंतींना गोधड्या टांगून, माइक तोंडापासून वीतभर अंतरावर आणि किंचित बाजूला ठेवून, तिचा श्वास दोन-तीन मिनिटे सलग मुद्रित करावा : आधी धापा, मग आवंढा, मग नाकाने घेतलेला लांब श्वास. मारामारीच्या दृश्यात संगीत पूर्ण बंद करून हा श्वास फटक्यांच्या मध्ये बसवावा, आणि ती दारापाशी पोहोचण्यापूर्वीच्या शेवटच्या दोन सेकंदांत तोही थांबवावा.